बोलिन्हा: गोव्याची नाताळातली नारळी बिस्किटं घरच्या कृतीने कशी करावीत

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आठवड्यात जो फराळ होतो त्याला कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या (करंज्या) असतात, शिंपल्यासारखे वळून तळलेले कुलकुल, तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाच्या दुधाचा दोदोल, चणाडाळ आणि नारळाचा दोस, पेरूचं पेराद, आणि बोलिन्हा. रवा, ओलं खोबरं, साखर आणि अंड्याचा बलक यांची ही गोल बिस्किटं. वर काट्याने दाबलेल्या आडव्या-उभ्या रेघा, बाहेरून कुरकुरीत, आत किंचित मऊ. बाकीचा बराचसा कुस्वार चुलीवर, कढईत होतो. बोलिन्हांना भट्टी लागते आणि नवख्या माणसाचं घोडं तिथेच अडतं.

माझं माहेर पुण्याचं, सासर गोव्यातल्या साष्टी तालुक्यातलं. बोलिन्हा मी सासूबाईंच्या हाताखाली शिकले. आता डिसेंबर उजाडला की ओळखीतल्या मुली-मुलांचे फोन येतात आणि प्रश्न तेच असतात: पीठ पसरलं, बिस्किटं दगडासारखी झाली, आजीच्या वहीत भट्टीचं तापमानच नाही, काय करू? म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहिते आहे. घरची कृती वहीत थोडी आणि करणाऱ्याच्या हातात जास्त असते. ती हातातून वजनकाट्यावर उतरवून घेतली की अर्ध्याहून जास्त काम झालं, असं माझं ठाम मत आहे.

1. रवा आणण्याआधी कृती उतरवून घ्या

आमच्या घरची वही रोमी (रोमन) लिपीतल्या कोंकणीत आहे. बोलिन्हांच्या पानावर जेमतेम पाच ओळी: एक नारळ, सहा अंडी, साखर, रवा लागेल तेवढा, वेलची. लिहिणारीला तेवढं पुरत होतं, कारण उरलेलं तिला पाठ होतं. बहुतेक घरांतल्या वह्या अशाच असतात.

घरात करणारं माणूस असेल तर त्यांना कृती तोंडी विचारू नका, करायला लावा आणि तुम्ही शेजारी वजनकाटा घेऊन उभे राहा. रव्याची पिशवी आधी तोला, त्यांनी हाताने ओतला की पुन्हा तोला. साखरेच्या डब्याचंही तसंच. त्यांना त्यांच्याच वाटीने माप घेऊ द्या, कारण वाट्या घरोघरी वेगळ्या आणि एका वाटीत 100 मिलिलिटर मावतं तर दुसरीत 180. "किती मिनिटं?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. "कसं दिसलं की उतरवायचं?" असं विचारा. मग "कडा सुटायला लागल्या की", "उलथनं ओढलं की तळ दिसला पाहिजे" अशी कामाची उत्तरं येतात. ती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पिठात बोट बुडवून दाखवतील तेव्हा फोनवर चित्रण करून ठेवा, ते शब्दांत येत नाही.

जुन्या कृतीतल्या दोन मापांपासून सावध राहा. पहिलं नारळाचं. एका नारळातून खोबरं कधी 200 ग्रॅम निघतं, कधी 400, आणि या फरकाने पीठ पार बिघडतं. दुसरं अंड्यांचं. जुनी माणसं परसातल्या कोंबड्यांची गावठी अंडी वापरायची, ती बाजारातल्या आजच्या अंड्यापेक्षा लहान. वहीतली सहा अंडी आज मोठ्या चारांच्या आसपास बसतात. वहीत आहे म्हणून सहा घातलीत तर पीठ सैल होणार.

सांगणारं कुणी उरलं नसेल तर खालच्या मापाने एक घाणा करा आणि घरातल्या ज्यांनी ती चव खाल्ली आहे त्यांना द्या. "वेलची जास्त होती", "आईच्या इतक्या गोड नव्हत्या" असं काहीतरी नक्की ऐकायला मिळतं. तेवढ्या धाग्यावरून तुमची घरची कृती परत बांधता येते.

2. साहित्य आणि अवजारं

साधारण पन्नासेक बोलिन्हांसाठी:

- बारीक रवा 500 ग्रॅम
- साखर 400 ग्रॅम
- ओलं खोबरं, खवलेलं, 300 ग्रॅम
- पाणी 200 मिलिलिटर
- 4 बलक आणि 2 अंड्यांचा पांढरा भाग
- लोणी किंवा साजूक तूप 50 ग्रॅम
- 10-12 वेलच्यांची ताजी पूड
- मीठ पाव चहाचा चमचा

याशिवाय वजनकाटा, जाड बुडाची कढई, लाकडी उलथनं, मिक्सर, जेवणाचा काटा, दोन ट्रे, बटर पेपर आणि गार करायला जाळी.

रवा बारीकच हवा. जाड रव्याच्या बोलिन्हा दाताखाली कचकचतात, आणि चिरोटी रवा इतका बारीक असतो की पीठ घट्ट बसतं. खोबरं खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग घेऊ नका, रंग मळतो. साखर 350 ग्रॅमच्या खाली आणू नका असं मी आग्रहाने सांगेन. ती फक्त गोडीसाठी नाही, कुरकुरीतपणा आणि टिकाऊपणा दोन्ही तिच्यामुळे येतात. गोड कमी हवं असेल तर बिस्किट लहान करा.

बेकिंग पावडर काही जण घालतात. माझ्या मते तिची गरज नाही. फुगलेली, पोकळ बोलिन्हा ही बोलिन्हा वाटत नाही. व्हॅनिलाचा इसेन्सही नको, तो ताज्या खोबऱ्याचा वास मारून टाकतो.

स्वस्त बटर पेपरला पीठ चिकटतं. साधाच कागद मिळाला तर त्याला तुपाचा हात लावा.

3. पहिला दिवस, संध्याकाळ: पाक, खोबरं, रवा

बोलिन्हा एका दिवसात करायच्या नसतात. पीठ आदल्या संध्याकाळी शिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी भाजायचं. 24 तारखेला वाटायच्या असतील तर 22 ला पीठ, 23 ला भाजणं, असं धरून चाला.

खवलेलं खोबरं मिक्सरमधून एक-दोनदाच फिरवा. भरड राहिलं पाहिजे, चटणी व्हायला नको. कढईत साखर आणि पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळली की आणखी थोडं उकळू द्या आणि पाक बोटांना चिकट लागला, पण तार धरायच्या आतच, खोबरं घाला. तीन-चार मिनिटं ढवळा. मिश्रण रटरटायला लागलं की आच अगदी मंद करा, लोणी आणि मीठ घाला, मग रवा थोडा थोडा भुरभुरत एका हाताने ढवळत राहा. गुठळी राहू देऊ नका. रवा पाणी ओढायला लागतो, मिश्रण जड होतं आणि उलथन्याबरोबर कढईच्या कडेपासून सुटतं. त्या क्षणी गॅस बंद.

इथे आपल्याकडच्या हातांची एक सवय आड येते. नारळाच्या वड्या करणाऱ्याला मिश्रण कोरडं होऊन गोळा फिरेपर्यंत ढवळायची सवय असते. बोलिन्हांचं मिश्रण तितकं आटवलं तर साखर परत दाणेदार होते आणि भाजल्यावर बिस्किट दातांनी फुटत नाही. मिश्रण गरम असताना जरा सैलच वाटायला हवं. रात्रभरात रवा फुगतो आणि ते आपोआप आवळून येतं.

4. गार झाल्यावरच अंडी

कढईतलं मिश्रण परातीत पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. तासभर तरी लागतो. बोट मधोमध खुपसून बघा, वरून गार आणि आत कोमट असं बऱ्याचदा असतं. कोमट पिठात अंडं घातलं तर ते शिजतं आणि पिठात पिवळे तंतू दिसतात.

बलक आणि पांढरा भाग एकत्र हलका फेटा. फेस काढायचा नाही, नुसतं एकजीव करायचं. वेलची पूड घाला आणि हे पिठात हाताने मिसळा. सुरुवातीला पीठ निसरडं होतं आणि आता हे जमणार नाही असं वाटतं. दोन-तीन मिनिटं मळत राहिलं की ते सगळं ओढून घेतं. शेवटी चिकट, घट्टसर पीठ झालं पाहिजे.

झाकण लावून रात्रभर ठेवा. जुन्या घरांत ते स्वयंपाकघरातच झाकून ठेवत, पण पिठात कच्चं अंडं आहे आणि मुंबई-गोव्याचा डिसेंबर आता तितका थंड नसतो. फ्रीजमध्येच ठेवा. पीठ चाखायचं असेल तर अंडी घालण्याआधी चाखा आणि मुलांनाही तेव्हाच द्या.

रात्रीचा हा विसावा टाळायचा मोह बऱ्याच जणांना होतो. टाळू नका. रव्याचा दाणा आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. न भिजलेल्या रव्याचं पीठ भट्टीत पसरतं, त्यावरच्या रेघा पुसल्या जातात आणि बिस्किटं खाताना रवाळ लागतात.

5. दुसरा दिवस: वळणं आणि रेघा

पीठ फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. पहिले दोन-तीन गोळे वजनकाट्यावर तोलून 25 ते 28 ग्रॅमचे करा, पुढचे गोळे हात आपोआप त्याच मापाचे वळतो. सगळे एका मापाचे असले तरच सगळे एकदम भाजले जातात.

हाताला किंचित तूप लावून गोळा गुळगुळीत वळा आणि तळहातावर हलकं दाबा. साधारण दीड सेंटिमीटर जाडी राहू द्या. मग काटा रव्यात किंवा मैद्यात बुडवून वरून दाबा, एकदा आडवा, एकदा उभा. खोल दाबा. उथळ रेघ भाजताना मिटते. काही घरांत काट्याऐवजी सुरीने चौकटी पाडतात, काही घरांत तिरक्या रेघा असतात आणि ताटातल्या बोलिन्हा कुणाच्या घरून आल्यात ते त्यावरून ओळखू येतं. तुमच्या घरची खूण आठवत असेल तर तीच ठेवा.

हे काम एकट्याने करू नका. घरातल्या सगळ्यांना बसवा. एकाने तोलायचं, दोघांनी वळायचं, मुलांनी काटा मारायचा.

6. भट्टी

वहीत तापमान नसतं याचं कारण साधं आहे. त्या काळी घरात भट्टी नव्हती. भांड्याखाली विस्तव आणि वर झाकणावरही निखारे, अशी दोन्हीकडून आच देत, किंवा ट्रे भरून पदेराकडे, म्हणजे गावच्या पाववाल्याकडे, पाठवत. पदेराची पावाची भट्टी पाव काढून झाल्यावर हळूहळू निवत जाते आणि त्या उतरत्या उष्णतेत बिस्किटं सुंदर भाजतात. महाराष्ट्रातही ज्यांनी रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत नेलं आहे आणि पत्र्याच्या डब्यातून घरची नानकटाई आणली आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. जवळपास अशी बेकरी असेल तर आजही विचारून बघा. मात्र नाताळच्या आठवड्यात त्यांच्याकडे स्वतःचीच गर्दी असते, आधी वेळ ठरवून घ्या.

घरच्या ओव्हनमध्ये:

ओव्हन 180 अंशांवर लावा आणि दिवा विझल्यावरही आणखी दहा मिनिटं तापू द्या. वरचा आणि खालचा, दोन्ही रॉड चालू. ट्रे मधल्या कप्प्यात. बोलिन्हांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा.

आधी फक्त तीन-चार भाजून बघा. पूर्ण ट्रे वाया घालवण्यापेक्षा ही वीस मिनिटं दिलेली बरी. पसरल्या तर पीठ सैल आहे: त्यात दोन-तीन मोठे चमचे रवा मिसळा आणि अर्धा तास थांबा. भेगा पडल्या तर पीठ कोरडं आहे: चमचाभर दूध मळून घ्या. दोन्ही नसेल तर पुढे चला.

वेळ 20 ते 25 मिनिटं लागतो. पंधराव्या मिनिटाला ट्रे मागचा पुढे करून फिरवा, कारण छोट्या ओव्हनमध्ये मागची बाजू जास्त तापते. वरचा रंग बघून काढू नका. एक बोलिन्हा उलटून तळ बघा: तळ खरपूस बदामी, कडा सोनेरी आणि रेघांची टोकं तेवढी तांबूस झाली की बाहेर काढायचं. मधे बोट लावलं तर मऊ लागेल, लागू द्या. गार होताना त्या कडक होतात. ओव्हनमध्येच कडक करायला गेलात तर दुसऱ्या दिवशी चावणार नाहीत. ट्रेवर पाच मिनिटं आणि मग जाळीवर.

ओव्हनवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. घरगुती ओव्हनमध्ये आकडा एक आणि आतली उष्णता दुसरी असं सर्रास असतं. आत ठेवायचा साधा तापमापक मिळतो, तो घ्या. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर भाजा, साध्या मायक्रोवेव्हवर ही बिस्किटं होत नाहीत.

ओव्हन नसेलच तर जाड कढईत तळाला मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा आणि ताटलीत सहा-सात बोलिन्हा ठेवून 25-30 मिनिटं भाजा. तळ छान भाजतो, वरचा रंग फिका राहतो. चवीला चांगल्या लागतात, पण पन्नास बोलिन्हांना अख्खी दुपार जाते.

7. साठवण

पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरू नका, दोन-तीन तास थांबा. आत जराशी वाफ राहिली तर डबा उघडल्यावर बिस्किटं ओलसर असतात आणि खोबऱ्याला खवट वास लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस चांगल्या राहतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत मऊ पडल्या तर 150 अंशांवर पाच-सात मिनिटं परत तापवून गार करा, पहिल्यासारख्या होतात.

8. परदेशात करत असाल तर

ताजा नारळ मिळाला नाही तर खवलेलं गोठवलेलं खोबरं घ्या, ते डब्यातल्या सुक्या किसापेक्षा कितीतरी चांगलं. सुका कीसच मिळाला तर 160 ग्रॅम घेऊन 140 मिलिलिटर कोमट नारळाच्या दुधात तासभर भिजवा. किसात साखर घातलेली नाही ना, हे पाकिटावर वाचा. रवा भारतीय दुकानातला घ्या. इटालियन पद्धतीचा सेमोलिना पिवळा आणि कडक दाण्याचा असतो, त्याची जात वेगळी. पंख्याच्या ओव्हनमध्ये 160 अंश पुरतात.

9. वाटताना

गोव्यात नाताळचं ताट शेजारच्या हिंदू घरीही जातं आणि चतुर्थीच्या नेवऱ्या, दिवाळीचा फराळ तिकडून येतो. बोलिन्हांत अंडं आहे हे ताट देताना स्पष्ट सांगा. बघून ते कळत नाही. नाताळ बऱ्याचदा मार्गशीर्षात किंवा त्याला लागून येतो, गुरुवार पाळणारी घरं आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात आणि विचारायला अवघडतात.

अशा घरांसाठी मी त्याच दिवशी बिनअंड्याचे कुलकुल करते. मैदा 500 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, 50 ग्रॅम गरम तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, आणि पीठ भिजेल तेवढं दाट नारळाचं दूध. मळून अर्धा तास झाकून ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पुढे सरकवायची, की ती आपोआप शिंपल्यासारखी वळते. मंद आचेवर तळा. आच मोठी असेल तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. बोलिन्हांच्या डब्यात भरू नका, वेगळ्या डब्यात ठेवा आणि झाकणावर चिठ्ठी लावा.